वयाचा दाखला



आपल्याकडे माणसाच्या वयाचा हिशेब दोन ठिकाणी ठेवला जातो. एक शाळेच्या दाखल्यावर आणि दुसरा लोकांच्या तोंडी. दाखल्यावरचा हिशेब सरळ असतो. तेथे वजाबाकी केली की झाले. लोकांच्या तोंडच्या हिशेबाला मात्र काही नियमच नाही. एकाच माणसाला आधी सांगतात, ‘तू अजून लहान आहेस, तुला काय कळतंय?’ आणि बघता बघता तेच लोक म्हणू लागतात, ‘आता वय झालं, आता कशाला या नसत्या उठाठेवी?’ या दोन वाक्यांच्या मध्ये मनासारखे काही करण्याचे योग्य वय केव्हा येऊन गेले, ते त्या बिचाऱ्याला कळतही नाही.

आज मला या दुसऱ्या वाक्याविषयी बोलायचे आहे. मनात धरलेली एखादी गोष्ट, मग ते शिक्षण असो, एखादी कला असो वा गावासाठी करायचे काम असो, वय वाढले म्हणून सोडून द्यावी काय? आणि सोडून देतो तेव्हा आपण ती खरोखर वयामुळेच सोडतो काय? यासाठी लांबची उदाहरणे शोधायला नकोत. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याने या बाबतीत साऱ्या देशाला धडा घालून दिला आहे.

दापोली तालुक्यातले समुद्रकाठचे मुरूड गाव तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. या गावच्या कर्वे घराण्यातला एक मुलगा सरकारी परीक्षेला बसायचे म्हणून सोबत्यांबरोबर साताऱ्याला पायी निघाला. त्या काळी ही मराठी शाळेची वरची परीक्षा होती आणि ती उतरली म्हणजे लहानशी सरकारी नोकरी मिळे. दिवस पावसाचे, वाट सह्याद्रीच्या घाटाची, आणि अंतर शंभर मैलांच्या वर. इतके चालून मुलगा परीक्षेच्या जागी पोचला तेव्हा तेथल्या अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिले आणि सांगितले की, हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही. वयाचा दाखला जवळ होता, पण उपयोग झाला नाही. अंगाने किरकोळ असलेला तो मुलगा परीक्षेला न बसताच परत फिरला.

हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे, ज्यांना पुढे सारा महाराष्ट्र महर्षी म्हणू लागला. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. वय कमी दिसते म्हणून ज्याला दारातून परत पाठवले, त्यालाच पुढे जन्मभर ‘आता उशीर झाला’ असे म्हणण्याची संधी वारंवार येत गेली. त्यांनी ती एकदाही घेतली नाही.

त्यांच्या आयुष्यातले काही आकडे मी तुमच्यापुढे ठेवतो. कर्वे स्वतः गणिताचे प्राध्यापक होते, तेव्हा त्यांच्याविषयी आकड्यांत बोलले तर ते गैर होणार नाही. ते मॅट्रिक झाले १८८१ साली, म्हणजे तेविसाव्या वर्षाच्या सुमारास. त्यांच्याबरोबर परीक्षेला बसलेली कितीतरी मुले त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असणार. बी. ए. झाले सव्विसाव्या वर्षी, १८८४ मध्ये. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. पुढे पुण्याबाहेर हिंगण्याला एक झोपडी उभारून आश्रम तेथे नेला. तेव्हा फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे तास आटोपून ते चिखलाची वाट तुडवीत पायी हिंगण्याला जात. १९१४ साली ते कॉलेजातून निवृत्त झाले.

आता आपल्या रिवाजाप्रमाणे येथे गोष्ट संपायला हवी होती. माणूस पेन्शनीत निघाला, गावी घर आहे, माड-पोफळी आहेत, सकाळी झोपाळ्यावर बसावे, संध्याकाळी देवळात जाऊन यावे. पण कर्व्यांची सर्वांत मोठी कामे निवृत्तीनंतरची आहेत. जपानमध्ये स्त्रियांसाठी वेगळे विद्यापीठ आहे, अशी माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि तसे विद्यापीठ आपल्याकडे का असू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून त्यांनी तो विचार मांडला आणि १९१६ साली विद्यापीठ सुरूही केले. शिकवायचे मातृभाषेतून, आणि पहिल्या वर्गात विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या. तेव्हा कर्वे अठ्ठावन्न वर्षांचे होते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला मिळाले. आज एस. एन. डी. टी. म्हणून सर्वांना ठाऊक असलेले विद्यापीठ ते हेच.

एक बारीक गोष्ट येथे ध्यानात घ्या. विद्यापीठाचे हे स्वप्न कर्व्यांना तरुणपणी पडलेले नव्हते. स्वप्ने तरुणपणीच पडतात आणि पुढच्या वयात ती फक्त पुरी करायची किंवा विसरायची असतात, अशी आपली एक समजूत असते. ती खरी नाही. पन्नाशी उलटल्यावरही माणसाला नवे काही सुचते, आणि ते जन्मभराच्या अनुभवातून सुचलेले असल्यामुळे पुष्कळदा अधिक टिकाऊ असते.

आकडे अजून संपले नाहीत. १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते संस्थेच्या कामासाठी युरोप, अमेरिका आणि जपानच्या प्रवासाला गेले. या प्रवासात बर्लिनला त्यांची आइन्स्टाइन यांच्याशी भेट झाली. तेथून परतून फार दिवस झाले नाहीत तोच ते आफ्रिकेला गेले. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले, कारण ज्या खेड्यात शाळा नाही तेथे शाळा निघावी हे काम त्यांना राहिलेले दिसत होते. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद दूर व्हावेत म्हणून समता संघ स्थापन केला. १९५८ साली ते शंभर वर्षांचे झाले. त्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले आणि हयात असतानाच त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशेचार वर्षांचे आयुष्य पुरे करून, त्यांनी देह ठेवला.

हे सारे ऐकून तुमच्यापैकी कोणी मनात म्हणत असेल, ‘बरोबर आहे हो, पण ते महर्षी. आम्ही साधी माणसं. आमचं त्यांच्याशी काय जुळायचं?’ हा प्रश्न रास्त आहे. थोरांची चरित्रे ऐकून आपण हात जोडतो आणि हात जोडले की आपली सुटका होते. म्हणून मी विचारतो की, कर्व्यांच्या वाटेत खरा अडथळा कोणता होता? शरीराचा नव्हता, ते काटक होते. बुद्धीचा नव्हता. पैशाचा होता, पण तो थेंबे थेंबे गोळा करता आला. खरा अडथळा होता लोकांच्या नजरेचा. तेविसाव्या वर्षी पोरांच्या बाकावर बसायचे, ही पहिली लाज. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्याच मुरूडने घरावर बहिष्कार घातला, ही दुसरी. आणि प्राध्यापक म्हणून मान मिळवलेल्या माणसाने वर्गणीसाठी दारोदार हात पसरायचा, ही तिसरी. या तिन्ही वेळी घरी बसून राहायला सबळ कारण होते. कर्व्यांनी लोकांशी भांडण केले नाही. खाली मान घालून ते आपले काम करीत राहिले.

माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे. मोठ्या वयात आपल्याला अडवते ते वय क्वचितच असते. पुष्कळदा आपल्याला अडवते ती लाज, आणि तिला आपण वयाचे नाव देतो, कारण वयाचे नाव सांगितले की कोणी पुढे काही विचारत नाही.

हे पटत नसेल तर देवरुखच्या दोन बहिणींची हकीकत ऐका. या दोघी जोश्यांच्या मुली. थोरली ती गोदू. तिला अगदी लहानपणी वैधव्य आले. कितीतरी वर्षे सासरच्या घरात राबल्यावर ती मुंबईला भावाकडे आली आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ साली काढलेल्या शारदा सदनातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत दाखल झाली. त्या वेळी ती विशी पार करून गेलेली होती. हीच पुढे कर्व्यांची पत्नी झाली. लोक तिला बाया कर्वे म्हणून ओळखतात.

धाकटीचा जन्म १८७० चा. तिचे सासरचे नाव पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षी तिलाही वैधव्य आले, पदरी एक लहान मुलगा. देवरुखला माहेरी त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन केलेल्या स्थितीत ती राहू लागली. तिचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले ते पंचविशी उलटून गेल्यावर, पुण्यास बहिणीकडे आल्यानंतर. ज्या वयात त्या काळच्या बाईला सासू होण्याचे वेध लागत, त्या वयात ही धुळाक्षरांपासून निघाली. शिकून ती आश्रमात शिकवू लागली, पुढे आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी जमवू लागली, सभांत बोलू लागली.

मनात एक इच्छा मात्र राहून गेली होती, इंग्रजी शिकण्याची. आश्रमाच्या कामातून अभ्यासाला सवड होईना. तेव्हा या बाईंनी काय केले? १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या थेट अमेरिकेला गेल्या. जवळ पैसा बेताचा आणि इंग्रजी मोडके. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरले, भाषा शिकली आणि संस्थेसाठी मदतही मिळवली. देवरुखच्या एका विधवा बाईने परमुलखात परक्यांच्या घरी भांडी घासायची! आपल्या आळीत हे कळले असते तर काय बोलले गेले असते त्याची कल्पना तुम्हीच करा. पार्वतीबाईंनी तो अनुभव लपवला नाही. १९२८ साली ‘माझी कहाणी’ या नावाने त्यांनी आपले चरित्र लिहून प्रसिद्ध केले.

आपली भाषा मोठी गोड आहे, पण या एका बाबतीत ती फार निष्ठुर आहे. वय झालेल्या माणसाने नवे काही करायचे म्हटले की आपण त्याला ‘म्हातारचळ’ म्हणतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर आपल्या ओठांवरच असते. ‘आता शिकून काय दिवे लावणार?’ हे वाक्य किती घरांत, किती सहजपणे बोलले जाते! बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते, पण ऐकणाऱ्याच्या हातातली पाटी गळून पडते. आणि हे शब्द पुरुषांपेक्षा बायकांच्या वाट्याला अधिक येतात. चौथीतून काढलेल्या मुलीने भावंडे सांभाळली, मग संसार केला, मग नातवंडे सांभाळली. तिच्या आयुष्यात ‘योग्य वय’ नावाचा काळ कधी आलाच नाही. आणि आता जरा उसंत मिळाली तर तो निघून गेला असे तिला सांगण्यात येते.

ही लाज मोडायची कशी, याचा एक चांगला धडा ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे या लहानशा गावाने घालून दिला. तेथे शिवजयंतीच्या कार्यक्रमात शिवचरित्राचे वाचन झाले तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी बोलून दाखवले की, आम्हालाही हे स्वतः वाचता आले असते तर किती बरे झाले असते. असे उद्गार आपणही ऐकतो आणि सोडून देतो. पण जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते सोडून दिले नाहीत. त्यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनाला, गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या पाटी-दप्तर घेऊन दुपारी शाळेत येऊन बसल्या. गणवेश होता गुलाबी लुगड्याचा.

त्या गुलाबी लुगड्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वरवर पाहता ती हौस वाटते, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. एकटी आजी पाटी घेऊन निघाली असती तर लोक हसले असते आणि आठ दिवसांत ती घरी बसली असती. पण एका रंगाची लुगडी नेसून गावातल्या साऱ्या आज्या एकदम निघाल्या म्हणजे कोणी कोणाला हसायचे? लाज एकट्याला गाठते. सोबत असली की ती मागे सरते. शिवाय अंगठ्याच्या जागी सही करता येणे, एस. टी. च्या पाटीवरचे गावाचे नाव लागणे, औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचता येणे, यांत त्या माउलींना जे मिळाले असेल ते पदवीदानाच्या झग्यात मिळत नाही.

मात्र श्रोते हो, एकाच बाजूने बोलणे बरे नव्हे. वय काहीच घेऊन जात नाही, असे मी म्हणणार नाही. डोळे मंदावतात, गुडघे बोलू लागतात, पाठांतर पूर्वीसारखे राहत नाही. पन्नाशीच्या माणसाने कबड्डीत राज्याकडून खेळायचे म्हटले तर ते जमायचे नाही. पण गावातल्या पोरांचा संघ बांधणे त्याला खुशाल जमेल. तेव्हा स्वप्नाचा आकार थोडा बदलावा लागतो, आणि तो बदलण्यात कमीपणा नाही. पार्वतीबाई काही इंग्रजीच्या पंडिता व्हायला निघाल्या नव्हत्या. आपल्या कामापुरती भाषा यावी एवढेच त्यांना हवे होते.

उलट वय काही गोष्टी देऊनही जाते. धीर देते, आणि रोज थोडे थोडे करण्याची सवय देते. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचे उदाहरण पाहा. १८८० साली चिपळूणजवळ जन्मलेले आणि दापोलीला शिकलेले हे आपल्याच जिल्ह्याचे गृहस्थ मुंबईच्या हायकोर्टात वकिली करीत. ‘व्यवहारमयूख’ या जुन्या ग्रंथाला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी, एवढ्याच हेतूने त्यांनी काम सुरू केले. ती प्रस्तावना वाढता वाढता स्वतंत्र ग्रंथ झाली. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली निघाला तेव्हा काणे पन्नास वर्षांचे होते, आणि पाचवा खंड १९६२ साली पुरा झाला तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. सगळी मिळून साडेसहा हजारांवर पाने. पन्नासाव्या वर्षी कोणी त्यांना सांगितले असते की, बाबा रे, याला अजून बत्तीस वर्षे लागतील, तर दुसरा कोणी घाबरून गेला असता. रोजचे काम रोज करणाऱ्याला मात्र एवढा मोठा हिशेब मांडावाच लागत नाही.

आपण बागायतदार मंडळी तर हे रोज पाहतो. जुनी आंब्याची कलमे उंच वाढतात, आतून दाट होतात, ऊन शिरत नाही आणि फळ कमी होते. पूर्वी अशा झाडाकडे पाहून आपण म्हणत असू, ‘झाड म्हातारं झालं.’ दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने अशा जुन्या बागांचे पुनरुज्जीवन करण्याची पद्धत शेतकऱ्यांना दाखवून दिली. फांद्यांची नीट छाटणी करायची, कापलेल्या जागी औषध लावायचे, खतपाणी करायचे, नवी पालवी राखायची. एखाददोन हंगाम फळ मिळत नाही आणि शेजारी म्हणतात, ‘याने चांगलं झाड तोडलंन.’ मग मोहर येतो. मधले ते एक-दोन हंगाम ज्याला काढता येतात, त्यालाच हे जमते. माणसाचेही तसेच. मोठ्या वयात नवे काही सुरू केले की पहिले काही महिने पदरात काहीच पडत नाही आणि लोकांचे बोलणे तेवढे पडते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती थोडी कडू आहे. एका माणसाचे स्वप्न पुष्कळदा दुसऱ्याच्या डोक्यावरून वाहिले जाते. कर्व्यांचा पैसा आणि वेळ संस्थांकडे वाहत होता तेव्हा घरचा संसार बायाबाईंनी ओढला. ‘माझे पुराण’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे आडपडदा न ठेवता सांगितले आहे. तेव्हा आपल्या मनातले काही करायला निघताना प्रत्येकाने घरात एकदा विचारावे, ‘माझ्या या कामाचा भार कोणावर पडतो आहे?’ आणि त्याच बैठकीत दुसरेही विचारावे, ‘तुझ्या मनात काय राहून गेलं आहे?’ मुंबईची नोकरी पुरी करून गावी परत आलेल्या कितीतरी चाकरमान्यांना आपल्या बायकोच्या मनात काय राहून गेले, ते चाळीस वर्षांत विचारायला फुरसत झालेली नाही. आता ती आहे.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण नुसत्या उपदेशाने कोणाचे भले झालेले नाही.

पहिली ही की, सुरुवात लहान करा आणि वेळ ठरवून करा. लावणी आणि झोडणी यांचे दिवस सोडा. तेव्हा कोणाला उसंत नसते. पण बाकीच्या दिवसांत रोजचा अर्धा तास काढता येतो. दुसरी, सोबत धरा. दोघे-तिघे असले की लाज कमी होते आणि खाडाही कमी पडतो. तिसरी, शिकवणारा वयाने लहान असला तर मन मोठे करा. नातवाकडून मोबाइलवरची अक्षरे शिकताना आजोबांचा मान कमी होत नाही. उलट नातवाचा वाढतो. आणि चौथी, जे शिकाल ते कोणाच्या तरी उपयोगी पाडा. कर्वे, पार्वतीबाई यांचा उत्साह इतकी वर्षे टिकला याचे कारण, ते केवळ स्वतःसाठी काही मिळवत नव्हते. दुसरा कोणी आपली वाट पाहत असला म्हणजे कंटाळा करता येत नाही.

वाटाही आता पुष्कळ मोकळ्या झाल्या आहेत. शाळा अर्धवट सुटलेल्यांना राज्य मंडळाची दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देता येते. त्यासाठी भरायच्या अर्जाला सगळे ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणूनच ओळखतात. त्याच्या अटी आणि मुदत जवळच्या शाळेत विचारावी. घरी राहून पुढचे शिक्षण घ्यायचे तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून त्याच कामासाठी आहे. मुळीच शिकता न आलेल्यांसाठी केंद्र सरकारने ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखला आहे. पंधरा वर्षे पुरी झालेला कोणीही त्यात शिकू शकतो, मग तो सोळाचा असो की शहात्तरचा. आणि ज्यांना परीक्षा नको, नुसते वाचायचे आहे, त्यांच्यासाठी वाचनालये आहेत. आपल्या रत्नागिरीचे नगर वाचनालय तर १८२८ सालापासूनचे आहे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक वेगळी विनंती आहे. फांगण्याची शाळा आज्यांच्या इच्छेमुळे निघाली हे खरे. पण तशी इच्छा गावोगाव आहे. ती ऐकून न सोडणारा एक शिक्षक तेथे होता, म्हणून शाळा निघाली. तुमच्याकडे मुलाला घ्यायला एखादी आई येते आणि फळ्याकडे क्षणभर बघत उभी राहते. रजिस्टरवर सही करताना कोणी आजोबा अंगठ्याची शाई पदराआड करावी तशी मुठीत लपवतात. या गोष्टी तुमच्याइतक्या जवळून दुसरा कोणी पाहत नाही. त्या माणसाला चार लोकांत विचारू नका, तो नाही म्हणेल. बाजूला घेऊन हळूच विचारा, ‘काकी, जमेल तेव्हा यायचं का बसायला?’ एवढ्या एका वाक्याने एखाद्याची चाळीस वर्षांची अडवणूक दूर होऊ शकते.

आणि ज्यांना स्वतःला काही शिकायचे नाही, काही नवे करायचे नाही, त्यांनाही या कामात एक वाटा उचलता येण्यासारखा आहे, आणि त्याला पैसाही लागत नाही, वेळही लागत नाही. शेजारची कोणी साठीची बाई उद्या पेटी शिकू लागली, कोणी निवृत्त कारकून भल्या सकाळी संस्कृतचे पाठ म्हणू लागला, कोणी पन्नाशीचा गडी दहावीचे पुस्तक उघडून अंगणात बसला, तर त्याला हसू नका. बेसूर पेटी चार महिने ऐकून घ्या. जाता जाता जमलेच तर विचारा, ‘कुठवर आलं?’